लातिना मुलींच्या कादंबऱ्या वाचायला सुरुवात कशी करावी: नवख्या मराठी वाचकांसाठी

अमेरिकेत वाढणाऱ्या लातिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांच्या मुली, त्यांची घरे, त्यांच्या आया आणि दोन भाषांमध्ये विभागलेले त्यांचे जगणे यांवर कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांची एक मोठी परंपरा आता उभी राहिली आहे. ज्यांना ती वाचायची इच्छा आहे, पण नेमके कोठून सुरू करावे हे कळत नाही, अशा मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. त्यांत अकरावी-बारावीचे विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत, आणि अमेरिकेत राहणारे ते मराठी पालकही आहेत ज्यांच्या मुलांना शाळेत यांपैकी एखादी कादंबरी अभ्यासाला लागते आणि घरी त्याविषयी काय बोलावे हे सुचत नाही.

मी ही पुस्तके स्वतः वाचत आले आणि पुढे एका लहान वाचनगटात तरुण मुलामुलींबरोबरही वाचली. त्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती अशी की नवा वाचक सहसा दोनच ठिकाणी अडतो. एक तर स्पॅनिश शब्दांच्या दाटीमुळे तो कंटाळतो, किंवा "हे तर अगदी आपल्या घरातलेच" असे म्हणून इतक्या वेगाने पुढे जातो की पुस्तकातले निम्मे त्याच्या नजरेतून निसटते. दुसरा धोका मला अधिक मोठा वाटतो. या कादंबऱ्यांत गोष्ट मुलगी सांगते, परंतु ती गोष्ट नीट कळण्यासाठी तिची आई कोठून, कोणत्या काळात आणि कोणत्या परिस्थितीत आली हे वाचकाला ठाऊक असावे लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच दिशेने नेणाऱ्या आहेत.

सुरुवातीला काय हाताशी असावे

• एक पुस्तक, छापील किंवा ई-पुस्तक. एकदम पाच पुस्तके मागवू नयेत.
• अमेरिका, मेक्सिको आणि कॅरिबियन बेटे एकत्र दिसतील असा नकाशा. भ्रमणध्वनीवरचा चालेल, पण छापील नकाशा शेजारी उघडा असला तर तो अधिक वेळा पाहिला जातो.
• स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोशाचे कोणतेही विश्वसनीय अॅप.
• एक वही. तिचा उपयोग तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत सांगितला आहे.
• काव्यरूप कादंबरी निवडली असेल तर तिचे ऑडिओबुक.

पायरी १. देश, पिढी आणि शहर हे तीन प्रश्न आधी विचारा

लातिना म्हणवून घेणाऱ्या सगळ्या मुलींचा देश, वंश किंवा इतिहास एक नसतो. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेतील सुमारे ६ कोटी २१ लाख लोकांची नोंद हिस्पॅनिक किंवा लातिनो अशी झाली. त्यांतले निम्म्याहून अधिक लोक मेक्सिकन मुळांचे आहेत आणि उरलेल्यांमध्ये पोर्तो रिको, क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, एल साल्वादोर, ग्वातेमाला, कोलंबिया अशा अनेक ठिकाणांहून आलेली कुटुंबे आहेत. म्हणून पुस्तक उघडल्यावर पहिल्या वीस-पंचवीस पानांतच तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत: कुटुंब मूळचे कोणत्या देशाचे आहे, स्थलांतर कोणत्या पिढीने केले, आणि गोष्ट कोणत्या शहरात घडते.

या उत्तरांवर कथानकातली भीती कोणती असेल हे ठरते. पोर्तो रिको हे कॅरिबियन बेट १८९८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात गेले आणि १९१७ पासून तेथे जन्मणारे लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यामुळे पोर्तो रिकन कुटुंबाच्या कथेत गरिबी असेल, वंशभेद असेल, पण कागदपत्रांवाचून हद्दपार होण्याची धास्ती असणार नाही. मेक्सिकन कुटुंबाच्या कथेत ती असू शकते, आणि त्याच वेळी हेही खरे असू शकते की त्या कुटुंबाचे पूर्वज टेक्सास किंवा न्यू मेक्सिको अमेरिकेचा भाग होण्याआधीपासून तेथेच राहत होते, कारण १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहानंतर मेक्सिकोचा फार मोठा प्रदेश अमेरिकेकडे गेला आणि माणसे जागेवर राहून देश बदलला. क्युबन कुटुंबाच्या मनात १९५९ ची क्रांती असते. डोमिनिकन कुटुंबाच्या मनात रफाएल त्रुहियो या हुकूमशहाची तीस वर्षे.

वर्णाचा प्रश्नही याच पायरीवर लक्षात ठेवावा. कादंबरीकार एलिझाबेथ असेवेदो यांच्या नायिका आफ्रिकी मुळांच्या, कृष्णवर्णीय लातिना आहेत. त्यांच्या केसांविषयी, त्वचेविषयी आणि देहाविषयी होणारी बोलणी बाहेरच्या जगातून येतात, तशीच घरातूनही येतात. सगळ्या लातिना मुली एकाच गव्हाळ रंगाच्या असतील असे चित्र डोळ्यांपुढे धरून वाचणारा वाचक येथे गोंधळतो.

पायरी २. पहिले पुस्तक आपल्या स्वभावाप्रमाणे निवडा

माझा सल्ला विचाराल तर सान्ड्रा सिस्नेरोस यांच्या 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' पासून सुरुवात करावी. १९८४ मध्ये ह्यूस्टनच्या आर्ते पूब्लिको प्रेस या लहान प्रकाशनसंस्थेने ते काढले आणि आज ते अमेरिकेतल्या असंख्य वर्गांत शिकवले जाते. शिकागोतल्या एका गल्लीत राहायला आलेली एस्पेरांझा कोर्देरो ही मुलगी आपले घर, शेजारपाजार आणि शेजारच्या बायका यांच्याविषयी छोट्या छोट्या प्रकरणांत सांगते. काही प्रकरणे तर जेमतेम एका पानाची आहेत. पुस्तक लहान आहे, भाषा सोपी आहे, आणि नेमका तोच त्यातला सापळा आहे. एका दुपारी ते वाचून संपवता येते, पण तसे वाचल्यास खिडकीपाशी बसलेल्या बायकांची एक लांबलचक रांग वाचकाच्या लक्षातच येत नाही. नवऱ्याने घरात कोंडलेली राफाएला, इंग्रजी येत नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावरून खाली न उतरणारी स्त्री, आई गेल्यावर पहाटे उठून स्वयंपाकाचे काम अंगावर घेणारी आणि तरीही विद्यापीठात जाणारी आलिसिया, या सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत. रोज चार-पाच प्रकरणे वाचावीत आणि पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचावे.

इतिहासाची आवड असलेल्यांनी पॅम मुन्योझ रायन यांची 'एस्पेरांझा रायझिंग' ही २००० सालची कादंबरी घ्यावी. मेक्सिकोतील आग्वासकालियेंतेस येथील जमीनदाराची लाडकी मुलगी वडिलांच्या हत्येनंतर १९३० मध्ये आईबरोबर कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांच्या वस्तीत येते, असे तिचे कथानक आहे. प्रकरणांना फळांची आणि भाज्यांची नावे आहेत, कारण त्या वस्तीतला काळ पिकांच्या हंगामावर मोजला जातो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही ती वाचता येते.

कवितेची गोडी असेल तर असेवेदो यांची 'द पोएट एक्स' घ्यावी. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या डोमिनिकन घरातली सियोमारा ही पंधरा वर्षांची मुलगी आपल्या वहीत जे लिहिते तेच हे पुस्तक आहे, आणि ते सगळे कवितेत आहे. २०१८ च्या या पुस्तकाला त्याच वर्षी कुमार साहित्याचा नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुढच्या वर्षी प्रिंट्झ पुरस्कार व ब्रिटनचे कार्नेगी पदक मिळाले. ते शक्यतो ऐकावे. ऑडिओबुक लेखिकेने स्वतः वाचले आहे, आणि त्या मुळात मंचावर कविता सादर करणाऱ्या कवयित्री असल्यामुळे ओळी कोठे तुटतात आणि का तुटतात हे कानाला ताबडतोब कळते.

एरिका सांचेस यांची 'आय अॅम नॉट युवर परफेक्ट मेक्सिकन डॉटर' ही २०१७ ची कादंबरी फार लोकप्रिय आहे, पण पहिले पुस्तक म्हणून ती निवडू नये असे मला वाटते. तिची नायिका हूलिया रागीट आहे, बोलण्यात तिखट आहे आणि सुरुवातीला आईविषयी अत्यंत कठोर आहे. आधी दुसरे काही वाचलेले नसेल तर वाचक तिसाव्या पानावरच तिला उद्धट ठरवून मोकळा होतो. दुसरे किंवा तिसरे पुस्तक म्हणून ती अवश्य घ्यावी.

पायरी ३. नावे देवनागरीत लिहून घ्या आणि स्पॅनिश शब्दांपाशी थांबू नका

हे काम कंटाळवाणे वाटते, पण मराठी वाचकाला येथे एक खरी सोय आहे. स्पॅनिशमधले त आणि द हे आपल्या त-द सारखे दंत्य असल्यामुळे नावे देवनागरीत इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी उतरतात. थोडे नियम पुरतात: जे या अक्षराचा उच्चार ह, एच अनुच्चारित, दुहेरी एलचा बहुधा य, वर नागमोडी रेघ असलेल्या एनचा न्य. या नियमांनी हूलिया, एर्नांदेस ही नावे आणि किन्सेआन्येरा (मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा समारंभ) सारखे शब्द सरळ वाचता येतात. कादंबरीत शिक्षक नायिकेचे नाव चुकीचे उच्चारतात, असा प्रसंग या साहित्यात वारंवार येतो, आणि बरोबर उच्चार आपल्या कानात असल्याशिवाय त्या प्रसंगातला सल जाणवत नाही. एका व्यक्तीला दोन आडनावे असू शकतात, पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे, हेही ध्यानात ठेवावे.

अनेक लेखिका स्पॅनिश शब्द तिरप्या ठशात छापत नाहीत आणि शेवटी शब्दार्थही देत नाहीत. त्या मुलींना त्यांची स्वतःची भाषा परकी वाटत नाही, म्हणून छापतानाही ती परकी दाखवायची नाही, असा त्यामागचा विचार आहे. अशा वेळी प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडू नये. प्रकरण पूर्ण वाचावे आणि जो शब्द तीनदा आला पण तरीही उमगला नाही, तेवढाच पाहावा.

दोन प्रकारच्या शब्दांकडे मात्र बारकाईने पाहावे, कारण ते पहिल्या पायरीतल्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिला प्रकार नात्यांच्या हाकांचा. हूलियाच्या मेक्सिकन घरात आईवडिलांना आमा आणि आपा म्हणतात, तर सियोमाराच्या डोमिनिकन घरात मामी आणि पापी. दुसरा प्रकार खाण्याचा. नाताळाच्या सुमारास सगळ्या बायका एकत्र बसून मक्याच्या पानांत तामालेस बांधत असतील तर घर बहुधा मेक्सिकन किंवा मध्य अमेरिकी असते. सकाळी कच्ची केळी उकडून कुस्करलेला मांगू असेल तर डोमिनिकन. सणाला गांदूलेस घातलेला भात असेल तर पोर्तो रिकन. हे गांदूलेस म्हणजे आपलीच ओली तूर होय, जी भारतातून आफ्रिकेत आणि गुलामांच्या व्यापाराच्या काळात तेथून कॅरिबियन बेटांवर पोहोचली.

पायरी ४. आईची गोष्ट वहीत वेगळी लिहा

सगळ्या पायऱ्यांत हीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि हीच वाचक सर्वाधिक वेळा गाळतात.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढावी. डाव्या बाजूला मुलगी आईविषयी जे म्हणते ते लिहावे: ती ओरडते, ती विश्वास ठेवत नाही, ती बाहेर जाऊ देत नाही, तिला लोक काय म्हणतील याचीच काळजी. उजव्या बाजूला केवळ वस्तुस्थिती लिहावी: आई कोणते काम करते, किती वाजता घरातून निघते, शाळा कितवीपर्यंत झाली, कोणाला मागे सोडून आली, कोणासमोर तिला इंग्रजी बोलावे लागते. पुस्तक अर्धे होईपर्यंत उजवी बाजू बरीचशी रिकामी राहते, कारण मुलीलाच ती माहिती नसते किंवा तिने ती कधी विचारलेली नसते. पुढे एकेक ओळ भरत जाते आणि डाव्या बाजूची वाक्ये खोटी न ठरताही त्यांचा अर्थ बदलतो.

'मँगो स्ट्रीट'मध्ये एक अगदी छोटे प्रकरण आहे. दोन भाषा येणारी, गाता गळा असलेली, घरातल्या वस्तू दुरुस्त करू शकणारी एस्पेरांझाची आई चुलीशी उभी राहून मुलीला सांगते की अंगावर चांगले कपडे नसल्याच्या लाजेने तिने शाळा सोडली. ती लाज तिला आज व्यर्थ वाटते आणि ती मुलीला शिकायला सांगते. हे प्रकरण जेमतेम पानभर आहे. घाईने वाचणाऱ्याच्या ते स्मरणातही राहत नाही, पण संपूर्ण पुस्तकात एस्पेरांझा स्वतःच्या घराची लाज बाळगते हे आठवले की आई आणि मुलगी एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या दिसतात.

सियोमाराची आई रोज लांबचा प्रवास करून कार्यालयाची इमारत झाडायला-पुसायला जाते आणि मुलीला चर्चच्या शिस्तीत बांधू पाहते. तिला स्वतःला जोगीण (नन) व्हायचे होते आणि अमेरिकेत येता यावे म्हणून घरच्यांनी तिचे लग्न लावून दिले, हे समजल्यानंतर तिची धर्मनिष्ठा केवळ जाच म्हणून वाचता येत नाही. हूलियाची आई लोकांची घरे साफ करते. थोरली मुलगी ओल्गा अपघातात गेल्यावर ती धाकटीशी ज्या तऱ्हेने वागते ते अनेकदा असह्य वाटते, आणि लेखिका ते सौम्य करून दाखवत नाही. परंतु सीमा ओलांडताना तिच्या वाट्याला काय आले हे पुस्तकाच्या उत्तरार्धात उलगडते. ते येथे सांगत नाही. ते वाचताना वहीतली उजवी बाजू जवळ असावी एवढेच सुचवते.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. आईचा भूतकाळ कळला म्हणजे तिचे सगळे वागणे योग्य ठरते असा निष्कर्ष काढू नये. या लेखिका तसा काढत नाहीत. मुलीवर झालेला अन्याय अन्यायच राहतो. आमच्या वाचनगटात पालक सहसा आईच्या बाजूने आणि मुली मुलीच्या बाजूने बोलू लागतात, आणि तेव्हा दोघांनाही मी एकच विनंती करते, की समोरच्या रकान्यातली एक ओळ वाचून दाखवा.

आजीसाठीही एक जागा ठेवावी. असेवेदो यांच्या 'विथ द फायर ऑन हाय' मध्ये फिलाडेल्फियातली इमोनी शाळकरी वयातच आई झालेली आहे आणि तिला स्वयंपाकाची विलक्षण देणगी आहे. तिला आजीने वाढवले, आता त्याच आजीच्या आधाराने ती स्वतःच्या लेकीला वाढवते आहे. आजी म्हणजे सतत देणारी, स्वतःचे काही मागणे नसलेली बाई, ही समजूत येथे हळूहळू बाजूला सरते आणि ते मला फार मोलाचे वाटते.

पायरी ५. पुस्तकाशेजारी इतिहासाची चार पाने वाचा

इतिहास आधी संपूर्ण वाचून मग कादंबरीकडे वळायचे, असे करू नये. त्याने उत्साह मावळतो. कादंबरीत ज्या काळाचा उल्लेख येईल त्याविषयी त्याच आठवड्यात थोडे वाचावे.

'एस्पेरांझा रायझिंग' वाचताना १९३० च्या दशकातील सक्तीची परतपाठवणी वाचावी. महामंदीच्या काळात मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना मेक्सिकोत पाठवण्यात आले आणि त्यांत अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे अमेरिकेचे नागरिक असलेले लोकही होते. हे ठाऊक असेल तर कादंबरीतला संप, त्यावर पडणारे छापे आणि संपात उतरायचे की नाही यावरून मजुरांमध्ये पडलेली फूट यांचे वजन समजते.

हूलिया आल्वारेझ यांची 'बिफोर वी वेअर फ्री' ही २००२ ची कादंबरी १९६०-६१ च्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये घडते. बारा वर्षांच्या अनिताचे नातेवाईक एकामागून एक देश सोडून जातात आणि घरातली मोठी माणसे कुजबुजत बोलू लागतात. २५ नोव्हेंबर १९६० रोजी त्रुहियोला विरोध करणाऱ्या मिराबाल भगिनींची हत्या झाली आणि ३० मे १९६१ रोजी त्रुहियो मारला गेला, हे दोन दिनांक वहीत लिहून ठेवले की कथेतले ताण जागेवर बसतात. आल्वारेझ यांचे स्वतःचे कुटुंब १९६० मध्येच देश सोडून न्यूयॉर्कला आले होते.

असेवेदो यांच्या 'क्लॅप व्हेन यू लँड' च्या मागे १२ नोव्हेंबर २००१ चा विमान अपघात आहे. न्यूयॉर्कहून सान्तो दोमिंगोला निघालेले विमान त्याच शहराच्या क्वीन्स भागात कोसळले आणि २६५ माणसे गेली, त्यांत डोमिनिकन मुळांचे लोक मोठ्या संख्येने होते. अकरा सप्टेंबरनंतर दोनच महिन्यांनी घडलेली ही घटना बाहेरच्या जगाच्या स्मरणातून लवकर गेली, त्या समाजाच्या स्मरणातून गेली नाही. एकाच वडिलांच्या दोन मुली, एक न्यूयॉर्कमध्ये आणि एक बेटावर, वडिलांच्या मृत्यूनंतर एकमेकींचे अस्तित्व जाणतात, ही कल्पना त्या दुःखातून उभी राहिली आहे.

पायरी ६. चर्च आणि पंधरावा वाढदिवस यांची तोंडओळख करून घ्या

यांतली बरीच घरे कॅथलिक आहेत, सगळी नव्हेत. गोव्यातल्या किंवा वसईच्या कॅथलिक वाचकांना सियोमाराच्या दृढीकरण (कन्फर्मेशन) संस्काराची तयारी, पापनिवेदन, रविवारचा मिस्सा हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. इतरांनी या संस्कारांचा क्रम एकदा वाचून घ्यावा, म्हणजे तिने वर्गाला दांडी मारणे किती मोठे आहे ते कळेल.

किन्सेआन्येरा हा मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा समारंभ असतो. प्रार्थनासभा, लांब झगा, सोबतच्या मुलामुलींचा ताफा, वडिलांबरोबरचे नृत्य, आणि काही घरांत वडिलांनी मुलीचे सपाट जोडे काढून उंच टाचांचे घालणे अशी त्याची रीत असते. सांचेस यांच्या हूलियाला हा समारंभ मुळीच नको असतो, तरीही आई तो करायचा ठरवते, कारण थोरल्या मुलीचा राहून गेलेला असतो. ते प्रकरण वाचताना खर्च कोण करते आहे, आनंद कोणासाठी आहे आणि पाहुण्यांच्या नजरा कोणाकडे आहेत याकडे लक्ष द्यावे.

पायरी ७. 'आपल्यासारखेच' म्हणण्याआधी थांबा

मराठी वाचकाला या घरांत ओळखीचे पुष्कळ भेटते: मोठे कुटुंब, मावश्यांचा दबदबा, अभ्यासावरची नजर, मुलग्याला मिळणारी सूट. हे साम्य खरे आहे आणि त्याचा आनंद घ्यावा. पण साम्य दिसले की फरक शोधायचा, ही सवय लावून घ्यावी.

याचे एक ठोस उदाहरण १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यात आहे. या कायद्याने आशियाई लोकांना रोखणारी जुनी राष्ट्रनिहाय कोट्याची पद्धत रद्द केली आणि पुढच्या दशकांत भारतातून, महाराष्ट्रातूनही, डॉक्टर आणि अभियंते मोठ्या संख्येने अमेरिकेत जाऊ शकले. त्याच कायद्याने मेक्सिकोसह पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांच्या संख्येवर पहिल्यांदाच मर्यादा घातली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, मेक्सिकन शेतमजुरांना करारावर आणणारा ब्रासेरो कार्यक्रमही संपला होता. तो १९४२ पासून चालू होता आणि त्याखाली सुमारे ४६ लाख करार झाले होते. शेतांना मजूर हवेच होते, मजुरांना काम हवेच होते, पण कायदेशीर वाट अरुंद झाली. म्हणजे ज्या दाराने मराठी कुटुंबे आत गेली, ते दार हूलियाच्या आईसारख्या अनेकांसाठी त्याच काळात लोटले गेले. न्यू जर्सीतल्या मराठी घरातली आई आणि शिकागोत घरे साफ करणारी ही आई, दोघी मुलीला रात्री बाहेर जाऊ देत नसतील, परंतु पोलिसाची गाडी दिसल्यावर दोघींच्या मनात येणारे विचार एक नसतात. अमेरिकेतल्या मराठी पालकांनी आपल्या मुलांशी याविषयी मोकळेपणाने बोलावे, असे मला मनापासून वाटते, कारण वर्गात ती मुले याच मुलींच्या शेजारी बसतात.

खरी लातिना कोण, हा प्रश्न त्या समाजाच्या आतही विचारला जातो. क्वीन्समध्ये घडणाऱ्या मेग मेदिना यांच्या 'याकी डेलगाडो वॉन्ट्स टू किक युवर अॅस' या २०१३ च्या कादंबरीत पिडी सांचेसला नव्या शाळेत एक लातिना मुलगीच त्रास देते. पिडीची त्वचा उजळ आहे, बोलण्यात हेल नाही, अभ्यासात ती चांगली आहे, आणि हेच तिच्यावरचे आरोप होतात. संस्कृती म्हणजे घरात जपलेली एकसंध ठेव असे मानणाऱ्या वाचकाने हे पुस्तक जरूर वाचावे.

पायरी ८. कोणाच्या हाती काय द्यावे हे आधी ठरवा

अमेरिकेत यंग अॅडल्ट म्हणजे साधारण १२ ते १८ वर्षे, आणि हा पल्ला फार मोठा आहे. 'एस्पेरांझा रायझिंग' आणि 'बिफोर वी वेअर फ्री' बारा-तेरा वर्षांच्या मुलांना देता येतात, मात्र दुसऱ्या पुस्तकातले अटकेचे आणि छळाचे उल्लेख पालकांनी आधी वाचावेत. 'मँगो स्ट्रीट' ची भाषा लहान मुलांना पेलण्याजोगी असली तरी त्यात घरगुती मारहाण आणि लैंगिक अत्याचार आहेत, म्हणून शिक्षकांनी ते पूर्ण वाचल्याशिवाय वर्गात घेऊ नये. इसाबेल किंतेरो यांची 'गॅबी, अ गर्ल इन पीसेस' ही दैनंदिनीच्या रूपातली २०१४ ची कादंबरी मोकळी, हसरी आणि अतिशय प्रामाणिक आहे. तिच्यात वडिलांचे व्यसन, मैत्रिणीचे गरोदरपण आणि स्वतःच्या जाडेपणाविषयीचे विचार येतात, त्यामुळे ती सोळा वर्षांपुढच्यांसाठी ठेवावी.

'आय अॅम नॉट युवर परफेक्ट मेक्सिकन डॉटर' या हूलियाच्या कादंबरीत नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न आहे. ती किशोरवयीन मुलांबरोबर वाचायची असेल तर एकट्याने वाचायला सोडू नये. वाचणाऱ्याला स्वतःलाच त्रास होऊ लागला तर पुस्तक बाजूला ठेवून विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोलावे. भारतात शासनाची टेली मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

पायरी ९. पुढची पुस्तके स्वतः शोधा

इतरांनी केलेल्या याद्यांवर फार काळ विसंबू नये. त्यापेक्षा लातिनो लेखक-चित्रकारांच्या मुलांसाठीच्या पुस्तकांना अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या पुरा बेलप्रे पुरस्काराची विजेत्यांची आणि गौरवप्राप्त पुस्तकांची यादी पाहावी. पुरा बेलप्रे या पोर्तो रिकोहून आलेल्या स्त्रीने १९२१ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम केले आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना त्यांच्याच गोष्टी सांगायला सुरुवात केली. १९९६ पासून हा पुरस्कार दिला जातो आणि २०२१ पासून त्यात कुमारवयीन साहित्यासाठी वेगळा विभाग आहे.

त्या विभागाचा पहिला पुरस्कार यामिले साइद मेंदेस यांच्या 'फुरिया' या कादंबरीला मिळाला. ती अमेरिकेत घडतच नाही. अर्जेंटिनातील रोसारियो शहरात घरच्यांपासून लपून फुटबॉल खेळणाऱ्या कामिलाची ती गोष्ट आहे. चार-पाच पुस्तके झाल्यावर ती घ्यावी, कारण एव्हाना स्थलांतर हाच या साहित्याचा एकमेव विषय आहे अशी समजूत होऊ लागलेली असते. ज्यांनी स्पॅनिश शिकायला घेतली आहे त्यांनी एलेना पोनियातोव्स्का यांनी केलेला 'मँगो स्ट्रीट' चा स्पॅनिश अनुवाद मूळ इंग्रजी पुस्तकाशेजारी ठेवून वाचावा. प्रकरणे छोटी असल्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो झेपतो.